अन्वय आणि आस्वाद : ग्रेच्या विलापिकेतील दोन स्थळे

इंग्रजी काव्याच्या अध्यापनात व्याकरण ही शालेय बाब मानून ती मागे टाकण्याकडे आपला कल असतो. पदव्युत्तर वर्गात प्रतिमा व ध्वन्यर्थ यांची चर्चा होते. वाक्याचा कर्ता कोणता, हे मात्र सहसा विचारले जात नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिज येथील विद्यार्थ्यांस कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या लेखी अभिप्रायांच्या आधारे १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात काव्यग्रहणातील पहिली अडचण म्हणून वाच्यार्थ न उमगणे हीच सांगितली आहे. मराठी विद्यार्थ्याच्या वाटेत तर आणखी एक अडचण आहे. मराठीत पदांचा संबंध विभक्ती दाखविते. इंग्रजीत नामांपुरते ते कार्य मुख्यतः शब्दक्रमाकडे असते. कवीने क्रम पालटला, की कर्ता व कर्म ओळखण्याची खूणच नाहीशी होते.

टॉमस ग्रे याच्या १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलेजी’च्या दुसऱ्या कडव्यात सायंकाळच्या निःस्तब्धतेचे वर्णन आहे. तेथे ‘हवा’ व ‘निःस्तब्धता’ ही दोन्ही नामे क्रियापदाच्या आधी येतात. हवेने निःस्तब्धता धारण केली, की निःस्तब्धतेने हवेला धरून ठेवले? इंग्रजी ओळ दोन्ही अर्थांस वाव देते. मराठी अनुवादकास मात्र ‘ने’ आणि ‘ला’ कोठे लावावयाचे, हे ठरवावेच लागते. पुढे लगेच भुंग्याच्या गुणगुणीसारख्या अपवादांचा निर्देश येतो. हे आवाज निःस्तब्धतेच्या पकडीतून सुटलेले आहेत असे मानल्यास दुसरा अन्वय अधिक समर्पक ठरतो.

दुसरे स्थळ कुलाभिमान, सत्ता, सौंदर्य व संपत्ती यांच्या अटळ अंताविषयीचे आहे. ग्रेने तेथे क्रियापद एकवचनी योजिले आहे. पुढील अनेक आवृत्त्यांत ते अनेकवचनी छापले गेले. अनेकवचन घेतल्यास ही सर्व वैभवे त्या घटकेची वाट पाहतात असा अर्थ होतो. एकवचन घेतल्यास ती घटकाच कर्ता होते आणि बेसावध वैभवांची वाट पाहत उभी राहते. मृत्यूची क्रूर शांतता या दुसऱ्या अर्थात आहे, आणि ती सर्वस्वी एका अक्षराच्या प्रत्ययावर अवलंबून आहे.

अन्वय लावल्याने काव्याचे गद्य होते, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पहिल्या स्थळी अन्वयाने संदिग्धता नष्ट केली नाही. ती नेमकी कोठे आहे, हे दाखविले. मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्याचे व्याख्यान अन्वयाच्या द्वारेच करण्याची प्रतिज्ञा केली होती, आणि त्यामुळे कालिदासाच्या रसास बाध आल्याचे ऐकिवात नाही. तीच शिस्त इंग्रजी काव्यासही लावली पाहिजे. ती न लावता केलेले रसग्रहण कितीही सुंदर असले, तरी ते त्या कवितेचे असेलच असे नाही.