वाफेच्या युगाची दृश्यशैली आणि तळपदे यांचे विमान : विद्यार्थी-प्रकल्पातील संशोधनाची चिकित्सा

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरी पट्ट्यातील महाविद्यालयांत माध्यमशिक्षण, अ‍ॅनिमेशन, वेशभूषा यांसारखे अभ्यासक्रम आता रुळले आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी एखादी दृश्यशैली निवडून तिचा अभ्यास करावा लागतो. अशा वेळी ‘स्टीमपंक’ या शैलीकडे त्यांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. पितळी दंतचक्रे, तांब्याच्या नळ्या, दाबमापकाच्या तबकड्या, चामड्याचे पट्टे असलेले जाड काचांचे चष्मे असा हा डोळ्यांत भरणारा संभार आहे. परंतु चित्रे गोळा करून फलकावर चिकटवणे म्हणजे संशोधन नव्हे. प्रस्तुत लेखात या शैलीचा मुंबईशी जोडला जाणारा एक संदर्भ तपासला आहे.

‘स्टीमपंक’ हा शब्द अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये काहीशा थट्टेने योजला. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स एंजिन’ (१९९०) या कादंबरीत चार्ल्स बॅबेज यांची गणनयंत्रे यशस्वी झाली असती तर काय झाले असते, याची कल्पना केली आहे. म्हणजे या शैलीच्या मुळाशी ‘असे घडले असते तर’ हे उघडपणे मांडलेले गृहीतक आहे. दृश्यरूप त्यातून येते. टोपीवर चिकटवलेले आणि काहीच न फिरवणारे दंतचक्र ही केवळ नक्षी होय.

ही शैली भारतात उसनी आणली जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. ज्यूल व्हर्न यांच्या १८८० च्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उत्तर भारतातून घरे ओढत नेतो. बेनेत यांनी काढलेली त्याची चित्रे आजही या शैलीच्या चाहत्यांना प्रिय आहेत. मात्र या प्रवासात १८५७ चा सूड घेऊ पाहणारा एक इंग्रज अधिकारी आहे, आणि शेवटी हत्तीच्या बाष्पपात्राचा स्फोट होतो तेव्हा त्याला बांधलेले नानासाहेब पेशवे मारले जातात. मराठी विद्यार्थ्याने तो हत्ती निःशंकपणे आपल्या भित्तिपत्रकावर घ्यावा काय? अवश्य घ्यावा, पण ही कथा ठाऊक असताना.

याहून जवळचा आणि अधिक अवघड संदर्भ शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) यांचा आहे. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, अशी आख्यायिका मुंबईत प्रचलित आहे. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. तरीही ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी जोडून ही कथा पुनःपुन्हा सांगितली जाते. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात सांगितलेल्या मजकुरातून तयार झाला. त्यामुळे १८९५ चे विमान या ग्रंथावरून बनले असे म्हणावयाचे तर कालक्रमच आड येतो.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी या ग्रंथाची चिकित्सा केली. वर्णन केलेल्या यानांपैकी एकही उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, अशी माहितीही या अभ्यासात येते. ग्रंथासोबतची रेखाटने एल्लप्पा नावाच्या आरेखकाने १९२३ च्या सुमारास बंगळूर येथे काढली. ‘रुक्म’ यानात उभ्या नळ्यांच्या माथ्यावरचे पंखे हवा आत ओढून खाली ढकलतात. बैलगाडी आणि मोटार ज्या काळात एकाच रस्त्यावर होत्या, त्या काळातील एका हाताने पुराणातले विमान यंत्रशाळेच्या परिभाषेत काढून पाहिले. आरेखनाच्या विद्यार्थ्याला यापरते उत्तम साधन क्वचितच मिळेल! ही रेखाटने प्राचीन नाहीत, यातच त्यांचे दृश्यमूल्य आहे.

नेमका हाच भेद २०१५ च्या जानेवारीत पुसला गेला. त्या महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात १०२ वे भारतीय विज्ञान काँग्रेस अधिवेशन भरले आणि तेथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध सादर झाला. महिनाअखेरीस तळपदे यांच्यावर बेतलेला विभू पुरी दिग्दर्शित ‘हवाईजादा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. यांपैकी चित्रपटाला दोष देण्याचे कारण कमी आहे. कल्पित हे कल्पित म्हणून रंगवण्याची मुभा कलेला असतेच. तेच कल्पित विज्ञानाच्या व्यासपीठावर पुरावा म्हणून उभे राहते, तेव्हा शैली आणि इतिहास या दोहोंची हानी होते. ‘असे घडले असते तर’ मधला ‘तर’ गळून पडला की उरतो तो केवळ दावा.

अध्यापकांच्या दृष्टीने प्रश्न गुणदानाचा आहे. सुबक पितळी विमान सादर करणाऱ्या विद्यार्थ्याच्या टिपणात तळपदे यांचे उड्डाण सिद्ध घटना म्हणून आले, तर चित्राला गुण देऊन टिपणाकडे काणाडोळा करणे योग्य ठरणार नाही. अशा टिपणात दोन गोष्टी पाहिल्या जाव्यात. पहिली, यंत्राची कार्यकारणसाखळी विद्यार्थ्याला कळली आहे काय. त्यासाठी परदेशी संग्रहालयाची गरज नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले. तसे एखादे जुने यंत्र उघडून पाहिले तरी पुरे. कळ दाबली की तरफ उचलली जाते, खिळा फितीवर आपटतो आणि कागदाचा रूळ एक घर सरकतो. ज्याने हे पाहिले, त्याच्या चित्रातले दंतचक्र काहीतरी फिरवील.

दुसरी गोष्ट चित्राखालच्या ओळीची. विद्यार्थी तेथे बहुधा ‘प्राचीन भारतीय विमान’ असे लिहितो. तेथे ‘रुक्म विमान, रेखाटन : एल्लप्पा, बंगळूर, सुमारे १९२३’ असे लिहावयास हवे.