'शांतता राखा' : रुग्णालयातील ध्वनी आणि साहित्याचे श्रवण

नवी दिल्लीतील आर. के. पुरम या सरकारी वसाहतीच्या पश्चिमी खंड क्रमांक ७ या इमारतीचे भारतीय भाषांच्या अर्वाचीन इतिहासाशी नाते आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे कार्यालय तेथे अनेक वर्षे राहिले. इंग्रजीतील शास्त्रीय संज्ञांना भारतीय प्रतिशब्द देणे हे त्याचे कार्य. याच वसाहतीला लागून जाणाऱ्या रिंग रोडने पूर्वेकडे गेल्यास सफदरजंग रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही दोन मोठी रुग्णालये समोरासमोर उभी आहेत. संज्ञा घडविण्याची जागा आणि वेदना ऐकू येण्याची जागा यांचे हे शेजारपण एक प्रश्न सुचविते : रुग्णालयात जे ऐकू येते त्याला नेमके काय म्हणावयाचे?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. २००० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांच्या इंग्रजी शीर्षकात 'नॉइज' हा शब्द आहे. हिंदी शीर्षकात त्याच्या जागी 'ध्वनि' आला, आणि मराठीतही 'ध्वनिप्रदूषण' हाच शब्द रूढ झाला. इंग्रजी शब्दात नकोसेपणाचा निवाडा अंतर्भूत आहे. 'ध्वनी' या शब्दात तो नाही. आपल्या काव्यशास्त्रात तर 'ध्वनी' ही व्यंग्यार्थाची संज्ञा आहे. आनंदवर्धनाने ज्या शब्दाने काव्याचा आत्मा सांगितला, तोच शब्द आज भोंग्याच्या उपद्रवासाठी योजला जातो. शब्दांना असे प्रवास घडतातच. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु या प्रवासात एक भेद पुसला गेला आहे. आवाज किती मोठा आहे हा एक प्रश्न, आणि तो कोणासाठी काय सुचवितो हा दुसरा. नियम पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. शांतता क्षेत्रासाठी त्यांनी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर त्यांनी असे क्षेत्र मानला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्य शासनाने तसे जाहीर करणे आवश्यक ठरले. ही सारी व्यवस्था रुग्णालयाच्या बाहेरील जगाला गप्प करण्याची आहे. उपद्रव भिंतीबाहेरून येतो, हे तिचे गृहीतक आहे.

मोजमापे या गृहीतकाला पुष्टी देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णकक्षासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचविली होती. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या संदर्भात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९६० पासूनची निरनिराळ्या रुग्णालयांतील मोजमापे एकत्र मांडली. त्यांनुसार दिवसाची सरासरी पातळी ५७ वरून ७२ डेसिबलवर आणि रात्रीची ४२ वरून ६० वर गेल्याचे दिसून आले. यंत्रांचे गजर, ढकलगाड्या, हवा खेळविणारी यंत्रणा, कर्मचाऱ्यांचे परस्परांना बोलावणे असे यातील बरेच काही उपचाराच्या पोटातूनच जन्मते. अतिदक्षता विभागातील गजर परिचारिकेला संकेत असतो, अंथरुणावरील माणसाला धास्ती असते, आणि शेजारच्या रुग्णाला केवळ झोपमोड. ध्वनी एकच, श्रोत्यागणिक त्याचा अर्थ निराळा. मापनयंत्राला हे श्रोते दिसत नाहीत. साहित्याला ते दिसतात, आणि म्हणून हा विषय तुलनाकाराच्या कक्षेत येतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या परिचर्याविषयक पुस्तकात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा रोख मोठ्या आवाजावर नाही. अनावश्यक आवाज, अचानक होणारा आवाज आणि मनात अपेक्षा जागवून ती अधांतरी ठेवणारा आवाज रुग्णाला अपाय करतो, असे त्या मांडतात. दाराबाहेर चाललेली कुजबुज ही त्यांच्या लेखी मोठी क्रूरता आहे. कारण आपल्याविषयीच बोलणे चालले आहे, हे जाणून रुग्ण कान ताणून पडून राहतो. कुजबुज डेसिबलच्या हिशेबात जवळजवळ बसतच नाही. तरीही तीच सर्वांत जड ठरते, हे निरीक्षण वैद्यकाइतकेच साहित्याचेही आहे.

थॉमस मान यांच्या 'द मॅजिक माउंटन' (१९२४) या कादंबरीत या निरीक्षणाला रचनेचे रूप मिळाले आहे. दावोसच्या आरोग्यधामात पाहुणा म्हणून आलेला हान्स कास्टोर्प पहिल्याच संध्याकाळी एका दाराआडचा खोकला ऐकून थबकतो. तसा खोकला त्याने कधी ऐकलेला नसतो. पुढे भिंतीपलीकडच्या दांपत्याचे एकांतही त्याच्या कानी पडतात. दुसरीकडे, डॉक्टर छातीवर बोटे ठोकून आणि नळी लावून ऐकतात. लाएनेकने १८१६ साली शोधलेल्या स्टेथोस्कोपने वैद्याच्या कानाला शरीराच्या आत शिरण्याचा अधिकार दिला. रुग्णाच्या कानाला असा कोणताही अधिकार नसतो. वैद्याचे ऐकणे हे निदान ठरते, रुग्णाचे ऐकणे चोरून ऐकणे ठरते. कादंबरीतील पुष्कळसा उपरोध या विषमतेतून निर्माण होतो.

ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या 'आरोग्य निकेतन' (१९५३) या बंगाली कादंबरीत हाच प्रश्न उलट दिशेने येतो. जीवनमशाय हा वृद्ध वैद्य नाडी पाहतो. नाडी ऐकावयाची नसून स्पर्शाने जाणावयाची असते, त्यामुळे त्याचे निदान निःशब्द आहे. पण त्यानंतर तो मृत्यूचे भाकीत उच्चारतो, आणि नवा डॉक्टर प्रद्योत याला आक्षेप आहे तो या उच्चारणाला. कादंबरीतील सर्वांत भयावह ध्वनी कोणता, असे विचारल्यास हळू आवाजातील ते एक वाक्य, असेच उत्तर द्यावे लागेल. याच कादंबरीत मृत्युदेवतेला अंध आणि बधिर कल्पिले आहे. मृत्यूला काहीच ऐकू येत नसेल, तर रुग्णाच्या खोलीतील प्रत्येक ध्वनी जिवंतांनी जिवंतांना उद्देशून केलेला असतो. ऐकण्याची जबाबदारी मग माणसांवर येते.

'आरोग्य निकेतन'ला १९५६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मराठीचा पुरस्कार बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला होता. आकाशवाणीत अधिकारी असलेले मर्ढेकर त्याच वर्षीच्या २० मार्चला दिल्लीत निवर्तले. या योगायोगाला कार्यकारणाचे मूल्य नाही. परंतु दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचे निमित्त तो देतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात नाद हे संगीताचे शुद्ध संवेदनात्मक माध्यम आहे आणि साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी दोन्हींची रचना सिद्ध होते. रुग्णकक्षात ही विभागणी टिकत नाही. तेथे शुद्ध नाद असा उरतच नाही : पावलांचा आवाज म्हणजे डॉक्टर येत आहेत किंवा पुढे निघून गेले, शेजारच्या खाटेवरील स्तब्धता म्हणजे झोप किंवा अंत. आजारी माणूस अर्थापासून सुटलेली संवेदना अनुभवू शकत नाही. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला हा अपवाद वाटेल; पण श्रोत्याची शारीर अवस्था सिद्धान्ताबाहेर ठेवल्याचा तो परिणाम आहे.

मराठी भाषेला मात्र हा अनुभव परका नाही. कण्हणे, कुंथणे, विव्हळणे, तळमळणे. धाप, उबळ, ढास, हुंदका. प्रत्येक शब्दात ध्वनीबरोबर वेदनेची प्रत सांगितलेली आहे. 'घरघर' हा शब्द जात्याचाही आहे आणि शेवटच्या श्वासाचाही; 'घरघर लागली' असे म्हटल्यावर मोठेपणाचे मोजमाप कोणी विचारीत नाही. हा शब्दसंग्रह रुग्णाशेजारी रात्र काढणाऱ्यांनी घडविला आहे, आणि तो ऐकण्याची एक पद्धत जपून ठेवतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, झोपेवाचून तळमळणाऱ्या रुग्णाला शब्दार्थचर्चेचा काय उपयोग? आवाज कमी केला म्हणजे झाले. मर्यादा हव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु निव्वळ शांतता हेच ध्येय ठरले, तर यंत्राचा गजर आवश्यक म्हणून राहतो आणि ज्याचे कण्हणे टाळता येण्याजोगे भासते, तो रुग्णच प्रथम गप्प केला जातो. मापनाच्या कागदावर कण्हणे आणि ढकलगाडीची खडखड एकाच रकान्यात पडतात. 'शांतता राखा' ही पाटी कोणाला उद्देशून आहे, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

मराठीत या दृष्टीने वाचण्याजोगी सामग्री आहे. डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' वैद्याच्या बाजूने लिहिलेले आहे, डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये वैद्य स्वतःच रुग्ण होतो. कोण बोलते याबरोबरच कोण ऐकते, आणि काय ऐकू येत असूनही नोंदले जात नाही, हे प्रश्न घेऊन अशी पुस्तके बंगाली व युरोपीय कृतींशेजारी ठेवली पाहिजेत. पारिभाषिक कोशातील 'ध्वनी'च्या नोंदीत श्रोत्याला जागा नाही. ती जागा दाखवून देणे हे या तुलनेचे काम आहे.