खुला आखाडा, झाकलेला पंच

राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान कोल्हापूरकरांना नवे नाही. मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेली गोल बैठक. कुठेही बसा, मल्लाची पाठ मातीला लागलेली दिसते. पंच हात वर करण्याआधीच मैदान ओरडते. निकालावरचा विश्वास हा अशा हजारो डोळ्यांचा असतो.

माझा भाचा संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळतो. हौशी स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका गुणफलकावर त्याची वेळ नोंदली होती. एका सकाळी ती नाहीशी झाली. ‘संशयास्पद’ हा एकच शब्द शिल्लक होता. त्या मंचाची सगळी आज्ञावली, म्हणजे कोड, जगाला खुली आहे. ‘मामा, कोड वाचता येतो, मग कारण का नाही?’ हा त्याचा प्रश्न मला या लेखापर्यंत घेऊन आला.

‘खुले म्हणजे विश्वासार्ह’ हे मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे आवडते सूत्र. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. तराजू कसा बनवला हे खुल्या कोडवरून कळते. पारड्यात माल कोणी टाकला, हे कळत नाही. खेळ खेळाडूच्या यंत्रावर चालतो आणि त्या यंत्राचा मालक तोच असतो. कोड उघडा असल्यास त्यात फेरफार करून खोटे गुण पाठवणे सोपे जाते. बंद कोडही मोडता येतो, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून जाणकार सर्व्हर खेळाडूच्या यंत्राने पाठवलेल्या आकड्यावर विसंबत नाही. तो खेळाची नोंद मागतो.

नोंदीचे महत्त्व दोन प्रकरणांतून कळते. ‘ड्रॅगस्टर’ या १९८० सालच्या खेळात टॉड रॉजर्सच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. तो १९८२ मधला मानला जाई. पुढे एका अभ्यासकाने खेळाचा कोड उलगडून दाखवले, की ५.५७ च्या खाली जाणेच शक्य नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्विन गॅलेक्सीज’ने विक्रम रद्द केला. पस्तीस वर्षे टिकलेली कीर्ती कोड वाचल्यामुळे कोसळली. दुसरे प्रकरण ‘माइनक्राफ्ट’चे. डिसेंबर २०२० मध्ये स्वयंसेवक पंचांनी ‘ड्रीम’ या प्रसिद्ध खेळाडूच्या चित्रफितींतील योगायोगांचे गणित मांडले आणि आपला अहवाल सर्वांसमोर ठेवला. त्याने आधी आरोप नाकारला. २०२१ च्या मे महिन्यात बदललेला खेळ वापरल्याचे मान्य केले. या दोन्ही ठिकाणी निकालासोबत पुरावा होता.

पण बुद्धिबळात हा मार्ग अडतो. ‘लिचेस’ हा २०१० साली फ्रान्समधून सुरू झालेला मुक्त मंच. जाहिराती नाहीत, शुल्क नाही. खेळलेल्या डावांचा साठा दर महिन्याला सर्वांसाठी खुला होतो. तरीही संगणकाची मदत घेणारा कसा ओळखला, याचा प्रत्येक निकष सांगितला तर लबाड खेळाडू त्याच्या एक पाऊल खाली राहून खेळेल. केरखॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांगितले होते, की सुरक्षा यंत्रणेच्या गुप्ततेवर नव्हे, फक्त किल्लीच्या गुप्ततेवर उभी असावी. कुलपासाठी हे बरोबर आहे. पंचगिरीत मात्र निकष हीच किल्ली होऊन बसते. खुलेपणाच्या पुरस्कर्त्यांनी ही अडचण प्रामाणिकपणे मान्य केलेली क्वचितच दिसते.

दुसरा धोका माणसांचा. ‘एक्सझेड’ या मुक्त प्रणालीत ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करत राहिले, थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ साली चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून तो सापडला. कोड सर्वांना खुला होता. वाचत कोणीच नव्हते. हौशी गुणफलकांच्या किल्ल्याही अशाच दोन-तीन दमलेल्या हातांत असतात.

अर्थात डोळ्यांवरही सगळे सोडता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत खांदे टेकले की नाही, यावर भर मैदानात वाद पेटला आणि पंचाला लाथ बसली. सर्वांनी पाहिले, म्हणून सर्वांना पटले असे झाले नाही. पराभूताला दाद मागण्याचा रस्ता दिसला नाही, की आखाड्याचा रणांगण होतो.

म्हणून माझे मत असे: गुणफलकाची परीक्षा कोड खुला आहे का, एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक विक्रमामागची नोंद जपलेली आहे का? निकष गुप्त ठेवावे लागले, तरी आरोपीला त्याच्याच डावातला आक्षेपार्ह भाग दाखवतात का? निकाल देणारा आणि अपील ऐकणारा वेगळा आहे का? किल्ल्या किती जणांकडे आहेत? या चारांची उत्तरे नसतील, तर खुला कोड ही निव्वळ उघडी खिडकी आहे, दार बंदच.

भाच्याने लबाडी केली नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याच्या यंत्राजवळ मी बसलो नव्हतो. पंचही बसले नव्हते. म्हणूनच ‘संशयास्पद’ या शब्दापुढे आणखी दोन ओळी त्यांनी लिहायला हव्या होत्या.