‘आजीबाई’ : एका संबोधनाचा विचार

पंडिता रमाबाई आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याचा अभ्यास प्रामुख्याने धर्मविचाराचे साधन म्हणून झाला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी या विषयांवरील उतारे वारंवार उद्धृत होतात. पत्रांतील घरगुती मजकूर मात्र वाद सुरू होण्यापूर्वीचा उपचार समजून बाजूस ठेवला जातो. ही विभागणी पत्रांच्या रचनेला धरून नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताचा मुख्य आधार म्हणजे इंग्रजी पत्रांच्या आरंभी येणारा एक मराठी शब्द : ‘आजीबाई’.

हा शब्द कोणत्या परिस्थितीत आला, ते प्रथम पाहू. रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळाच्या हालांत निवर्तले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मुलीचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मनोरमा अवघी अडीच वर्षांची होती. तिला आईकडची आजी उरलेली नव्हती. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. तेव्हा ख्रिस्ती रूढीप्रमाणे त्यांच्यासाठी ‘सिस्टर’ आणि ‘मदर’ ही दोन नाती आधीच सिद्ध होती. रमाबाईंनी मात्र तिसरेच नाते निवडले, आणि तेही आपल्या भाषेतले.

मराठी घरात वडीलधाऱ्यांना मुलाच्या नात्याने हाक मारण्याची चाल जुनी आहे. सून सासूला, शेजारीण शेजारणीला लेकराच्या तोंडची हाक मारते. अशा हाकेचा केंद्रबिंदू बोलणारी व्यक्ती नसून मूल असते. रमाबाईंनी जेराल्डीनबाईंना ‘आजीबाई’ म्हटले, तेव्हा मनोरमेच्या द्वारेच त्यांनी हे नाते जोडले. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मुलीची वार्ता हा अशा पत्राचा आगंतुक भाग राहत नाही, कारण ज्या नात्याने पत्र लिहिले जाते त्या नात्याचे मूळच तेथे असते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आईच्या शब्दात आज्ञा असते. आजीच्या वाट्याला मान आणि माया येते, पण नातवंडाच्या आईवर हुकूम चालविण्याचा अधिकार सहसा येत नाही. धर्ममातेला ‘आजी’ म्हणणे म्हणजे तिला एक पिढी वर बसविणे आणि त्याच वेळी आज्ञेच्या कक्षेबाहेर नेणे होय.

‘बाई’ या उत्तरपदाचाही विचार केला पाहिजे. घरच्या आजीला बहुधा नुसते ‘आजी’ म्हणतात. ‘आजीबाई’ ही हाक परक्या वृद्धेलाही चालते. काही घरांत ती सख्ख्या आजीलाही लावली जात असल्यामुळे येथे निश्चयाने बोलता येणार नाही, तथापि या शब्दात जवळीक आणि अंतर ही दोन्ही एकदम नांदतात, एवढे म्हणावयास हरकत नाही. या पत्रव्यवहारातील नात्याचे स्वरूप नेमके तेच आहे.

एका संबोधनावर इतका अर्थ लादणे योग्य आहे काय, असा आक्षेप येथे येऊ शकेल. मायन्यातील शब्द सवयीने गुळगुळीत होतात, हे खरे. परंतु रमाबाई शब्दांविषयी उदासीन नव्हत्या. क्रूसावरील लॅटिन अक्षरांना त्यांनी घेतलेली हरकत प्रसिद्ध आहे. जी भाषा आपणास व आपल्या देशभगिनींना समजत नाही, तिला संस्कृतपेक्षा अधिक पवित्र का मानावे, असा त्यांचा प्रश्न होता. भाषेच्या निवडीत अधिकाराचा प्रश्न असतो, हे ज्या लेखिकेला इतके स्पष्ट दिसत होते, तिने इंग्रजी पत्रात एक मराठी नातेवाचक शब्द भाषांतर न करता ठेवला, तो केवळ सवयीने असे मानणे कठीण आहे.

या संबोधनाची कसोटी १८८५ च्या सुमारास लागली. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या आणि मनोरमा वाँटेजच्या सिस्टरांच्या देखरेखीखाली होती. तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावरून तीव्र मतभेद झाला. जिच्यामुळे नाते जुळले, तीच आता वादाचे कारण झाली. तरीही रमाबाईंनी नाते मोडले नाही आणि मतही सोडले नाही. घरातील वडील माणसाशी मतभेद झाला म्हणून कोणी त्याचे नाते नाकारीत नाही, ही गृहजीवनातील समज त्यांनी श्रद्धेच्या वादात आणली. संप्रदायाच्या भाषेत असहमती ही अवज्ञा ठरते, कुटुंबाच्या भाषेत ती तशी ठरतेच असे नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, पुढे १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. देश आणि कार्य बदलले, तरी पत्रे थांबली नाहीत.

आजीबाईंच्या बाजूनेही एक उत्तर आले आहे. हा संग्रह मुळात सिस्टर जेराल्डीन यांनीच जुळविला. रमाबाईंच्या स्वतंत्र बाण्याविषयी त्यांची नाराजी त्यात लपलेली नाही. तरीसुद्धा आपल्या अधिकाराला उघड आव्हान देणारी पत्रे त्यांनी जपली आणि एकत्र लावली. मत न पटलेल्या लेकीची पत्रे जपून ठेवणारी ही वृद्धा, तिला दिलेल्या नावाला जागली असे म्हटले पाहिजे.

म्हणून या पत्रांतील कुटुंबवार्ता गाळून धर्मविचार वेगळा काढला, तर तो विचारही अपुरा उरतो. रमाबाईंची श्रद्धा सिद्धान्तांत जितकी व्यक्त होते तितकीच ती, आपण कोणाला कोणत्या नात्याने हाक मारतो, यातही व्यक्त होते. ख्रिस्ती मराठी पत्रवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी यापुढे मजकुराइतकेच मायन्यांकडे लक्ष पुरविणे इष्ट ठरेल.