मांडव उतरल्यावर

मुंबईतल्या सीप्झच्या कुंपणाआत एक चर्च आहे. १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी उभारलेलं, आता छप्पर गेलेलं, भिंतींच्या फटींतून झाडं फुटलेलं. १८४० मध्ये कोंडिवट्यात साथ आली, तेव्हा लोक गाव सोडून मरोळला आले आणि इथे नवं चर्च बांधून राहिले. जुनं मागेच राहिलं. १९७३ मध्ये त्या भागात इलेक्ट्रॉनिक्सचं निर्यात क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, आलं, फाटक आलं, पास आला. आज गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वजांच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकायला जायचं, तर मे महिन्यातल्या त्या एका दिवसाची वाट पाहायची. एरवी त्याच्या बाजूने संगणकवाले आणि दागिने घडवणारे कारागीर जा-ये करत असतात.

डिजिटल मानव्यविद्येच्या, म्हणजे साहित्य-इतिहास-कलांच्या संगणकाधारित अभ्यासाच्या, परिषदेचं निमंत्रण आलं की मला हे चर्च आठवतं. मराठीतला डिजिटल ऐवज बराचसा असाच आहे. आहे, उभा आहे, पण कुंपणाआत. परिषदेच्या दोन दिवसांत फाटक उघडतं, पडद्यावर आपण तो लांबून पाहतो, टाळ्या होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. सोमवारी कुणाला तोच ऐवज कामासाठी हवा असेल, तर पास कुठे मिळतो हे कुणी सांगत नाही.

निमंत्रणांची टंचाई नाही. या क्षेत्राची सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे डिजिटल मानव्यविद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वार्षिक परिषद. ती २०२४ मध्ये वॉशिंग्टनजवळ भरली, २०२५ मध्ये लिस्बनला, आणि २०२६ साठी दक्षिण कोरियातलं देजॉन ठरलं. २०२२ ची टोकियोची परिषद साथीमुळे पडद्यावरच झाली. भारतात ही जत्रा अजून आलेली नाही. आपल्याकडे २०१८ च्या जूनमध्ये आयआयएम इंदूरला या विषयाची परिषद झाली आणि त्यातून पुढे ‘धरती’ नावाचं अभ्यासकांचं जाळं उभं राहिलं. आमच्या मरोळहून पवई तर रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या आयआयटीत २०१० मध्ये जागतिक वर्डनेट परिषद झाली, २०१२ च्या डिसेंबरात संगणकीय भाषाशास्त्राची ‘कोलिंग’ झाली, लगोलग २०१३ च्या जानेवारीत संस्कृतच्या संगणकीय अभ्यासाचा परिसंवाद झाला. अक्षरांकनाचा ‘टायपोग्राफी डे’ तर २००८ पासून आहे.

म्हणजे मांडव पुष्कळ. पण संगणकवाल्यांच्या मांडवात मराठी येते ती उदाहरणाच्या वाक्यापुरती, आणि साहित्यवाल्यांच्या मांडवात संगणक येतो तो तोरणासारखा. मधली जागा, जिथे कुणीतरी बसून एकेक ओळ तपासून भरायची असते, ती रिकामी राहते. त्या कामाला आपल्याकडे ‘कारकुनी’ म्हणतात, आणि त्या शब्दातली तुच्छता विद्यापीठांत चांगलीच मुरलेली आहे.

ही तुच्छता परंपरेतून आलेली म्हणावी, तर तसंही नाही. वि. का. राजवाडे दप्तरं गोळा करत गावोगाव फिरले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापत गेले. मोडी कागद वाचणं, बाळबोधीत उतरवणं, तारीख लावणं, ही कारकुनीच होती. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला आणि १९६६ मध्ये ती पुरी केली. १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली, श्लोकागणिक पाठभेद तक्त्यांत मांडले गेले. आज ज्याला डेटाबेस म्हणतात, तो पुण्यात कागदावर सत्तेचाळीस वर्षं चालला होता. पुढे त्या आवृत्तीचा संगणकीय पाठ मात्र तयार केला क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी, आणि तपासून सुधारला केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आपण सगळे उघडतो तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोशही तिथेच. याची लाज वाटून घ्यावी असं मला वाटत नाही. ज्यांनी ते काम काम मानलं, त्यांच्या हातून ते झालं, इतकंच.

कार्यशाळांचीही तीच गत. दोन दिवसांत हत्यारं शिकवतात. शब्दांचे ढग काढा, नकाशावर टिंबं लावा, पात्रांमधल्या नात्यांचं जाळं रेखाटा. नमुन्याचा मजकूर इंग्रजी असतो, म्हणून सगळं सुरळीत चालतं. मराठी घातलं की पहिल्या तासालाच गाडी रुतते. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा, पापणीसारखा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं २००८ मध्ये, त्याआधीचा मजकूर अ-वर चंद्र ठेवून लिहिलेला, आणि आजही बरेच लोक तसाच लिहितात. एखाद्या कादंबरीत अमुक शब्द किती वेळा आला, याचा आकडा फळ्यावर मांडणाऱ्याने आधी हे निस्तरलं होतं का, असं विचारून पाहा. एका कार्यशाळेत मी विचारलं. प्रशिक्षकाने चांगला प्रश्न आहे म्हटलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेल्या पुस्तकांची कथा याहून वाईट. त्यांत मराठी अक्षर हे निव्वळ चित्र, मागे साठवलेली खूण भलतीच. फॉन्ट गेला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. १८९५ चं पुस्तक आज स्कॅन करून यंत्राकडून बऱ्यापैकी वाचून घेता येतं. १९९५ चं, संगणकावरच जन्मलेलं पुस्तक फाइल हाती असूनही वाचता येत नाही.

या पार्श्वभूमीवर एका कामाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते मराठीतली सगळ्यात भक्कम डिजिटल मानव्यविद्या तीच आहे, आणि ती करणाऱ्यांनी सुरुवात केली तेव्हा हा शब्द त्यांच्या कानावरही नसणार. पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकात जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. गावागावांत विजेची गिरणी पोचली होती, जाती कोपऱ्यात सरकत होती, आणि जात्याबरोबर ओवीही जाणार होती. त्यांच्या गटाने हजारभर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यात आले, लिखित ओव्यांचा संगणकीय संग्रह बांधला गेला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह मात्र गेला नाही. ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय असलेल्या ‘पारी’ने तो पुढे घेतला आणि २०१७ पासून ओव्या भाषांतरांसह लोकांसमोर येत राहिल्या.

तो टिकला कशामुळे? तंत्र म्हणाल तर आजच्या मानाने ते जुनाटच होतं. टिकला तो नोंदीमुळे. ओवीला क्रमांक आहे, गावाचा संकेतांक आहे, विषयाचा वर्ग आहे, आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्या बाईचं नाव आहे. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत ‘एका वृद्ध स्त्रीकडून मिळालेली’ असं लिहून मोकळं होण्याची रीत होती. इथे ती बाई कर्ती म्हणून नोंदली गेली. त्यामुळे सीतेवरच्या ओव्या एकत्र काढून पाहता येतात, आंबेडकरांवरच्या पाहता येतात, एकच ओळ दोन तालुक्यांत कशी पालटली तेही पाहता येतं. हा शुद्ध पाठभेदांचा अभ्यास, भांडारकर संस्थेच्या महाभारताचे संपादक सुकथनकर यांनी पोथ्यांवर केला तसा, फक्त पोथ्यांच्या जागी बायका. मला खटकणारी गोष्टही सांगतो. विषयांची वर्गवारी संग्राहकांच्या समाजशास्त्रीय चौकटीतून आलेली आहे, जात्यावर बसलेल्या बाईने आपली ओवी त्याच खान्यात टाकली असती असं नाही. पण खाना दिसतो, म्हणून वाद घालता येतो.

याच्या शेजारी आजचे मोठे शब्दसंग्रह ठेवा. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ खुला केला. ते कौतुकाचंच काम, मुख्य म्हणजे खुलं. पण त्यातली सुमारे १ कोटी ७६ लाख वाक्यं बातम्यांतली. यंत्र त्यातून जी मराठी शिकतं, ती ‘करण्यात आले’ आणि ‘सांगण्यात आले’ची मराठी. ओवीतल्या बाईला ते यंत्र ओळखणार नाही.

आणि मोडी. मोडीचे वर्ग हा महाराष्ट्रातला सगळ्यात लोकप्रिय डिजिटलपूर्व उपक्रम असावा. निवृत्त बँक कर्मचारी, इतिहासाचे विद्यार्थी, गडावर जाणारी पोरं, सगळे येतात. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ मध्ये मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या पुढाकाराने मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं प्रारूप आलं, त्यामागे दोन हजारांच्या आसपास प्रतिमा आणि त्यांचं जाणकारांनी केलेलं वाचन. दोन हजार! आपल्या वर्गांत दर वर्षी सरावासाठी याहून कितीतरी जास्त ओळी लोक वाचतात, वहीत उतरवतात, आणि परीक्षा झाली की ती वही रद्दीत जाते. प्रत्येक वर्गाने तपासलेली पन्नास पानं जरी एका सामाईक खात्यात टाकली असती, तर हे प्रारूप आपल्याकडे दहा वर्षं आधी झालं असतं. हा माझा अंदाज, पण फार चुकीचा नसावा.

डिजिटल कलेबाबत मुंबईची आठवण आणखी आखूड आहे. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून नेपियन सी रोडवर एक कार्यशाळा थाटली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले एका छताखाली. तिथे त्यांनी नियमांनी बांधलेल्या रेषांचा ‘सिझिजी’ हा चित्रपट केला, तरुण नलिनी मालानी तिथेच प्रयोग करत होत्या. पदमसींच्या दुसऱ्या चित्रपटाची, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची, एकमेव प्रत हरवली. पुढे आशिम अहलुवालियांनी त्या हरवण्यावरच चित्रपट केला. दुसरी प्रत नव्हती, म्हणून चित्रपटच गेला. याच शहरात २००८ पासून ‘पॅडमा’ नावाचा दृश्यसंग्रह चालतो. कॅम्प या कलागटाचा त्यात मोठा वाटा. त्यात चित्रफितीच्या दर सेकंदाला कुणीही टीप जोडू शकतो. कॅम्पने २०२२ मध्ये एका उंच इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून मुंबई खाली-खाली पाहत ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ केलं, आणि २०२५ मध्ये त्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागलं. जो गट संग्रह सांभाळतो, त्याचीच कला पुढे जाते, हा मला योगायोग वाटत नाही. त्याच २०२५ च्या मेमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ या दृकश्राव्य व मनोरंजन परिषदेचा झगमगाट झाला, आणि सर्जनशील तंत्रज्ञानाची नवी राष्ट्रीय संस्था मुंबईला मिळाली. तिचा कायमचा परिसर गोरेगावच्या चित्रनगरीत होणार, म्हणजे आरेच्या पलीकडे, आमच्या शेजारीच. तिथे ॲनिमेशन शिकवतील, गेम शिकवतील. संग्रह कसा ठेवावा हे शिकवतील का, ते अभ्यासक्रमात शोधावं लागेल.

मला विचाराल तर पुढची कार्यशाळा मरोळ गावठाणात घ्यावी. इथल्या ईस्ट इंडियन लग्नांत ‘उंबराचं पाणी’ आणायला जाताना बायका गाणी म्हणतात, मराठीच, पण त्यांच्या वळणाची. ती आज घराघरांतल्या मोबाइलमध्ये पडली आहेत, बँडच्या गोंगाटासकट, नाव-गाव-तारीख काहीही न लिहिता. मोबाइल बदलला की जातील. त्यासाठी लागेल काय? एक बरा ध्वनिमुद्रक, संमतीचा कागद, आणि एक तक्ता: गाणारीचं नाव, कुणाकडून शिकली, माहेर कुठलं, कुठल्या विधीचं गाणं. सत्र नको, दीपप्रज्वलन नको, पंधरा माणसं पुरेत. पहिला वाद कुठे होईल तेही मला माहीत आहे. गाण्याचे शब्द लिहायच्या खान्यापाशी. कारण या बोलीत लिहिणारे अनेकजण रोमन लिपी वापरतात, आणि आम्ही देवनागरीवाले हटून बसणार. तक्त्याला तिथे दोन खाने ठेवावे लागतील.