‘मी दोर कापतो’ म्हणणारा ‘मी’ कोण? फाईनच्या तीन चौकटी आणि आमचं टेबल

टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेमवर संशोधन करायचं म्हटलं की पहिलं पुस्तक हातात पडतं ते गॅरी ॲलन फाईन या समाजशास्त्रज्ञाचं ‘शेअर्ड फँटसी’ (1983). 1970च्या दशकाच्या शेवटी मिनियापोलिस परिसरातल्या खेळाडूंमध्ये बसून, स्वतः खेळून त्याने ते लिहिलं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली बाजारात आलेला, म्हणजे खेळ अगदी कोवळा होता. अशा वेळी हा विषय गांभीर्याने घेणं हे धाडसच. मला पुस्तक आवडतं. तरीही माझे दोन महिने त्याने (खरं तर माझ्या आळशी वाचनाने) खाल्ले, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चारपाच जण एकेक पात्र घेतात. गेम मास्टर उरलेलं सगळं जग चालवतो : हवामान, राक्षस, नावाडी, राजा, बाजारातली म्हातारी. खेळाडू म्हणतो, ‘मी असं करतो.’ गरज पडली तर फासा टाकायचा आणि पुढे काय झालं ते गेम मास्टरने सांगायचं. हे महिनोन्महिने चाललं की त्याला कॅम्पेन म्हणतात.

फाईनचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा मुद्दा चौकटींचा. गॉफमनचं ‘फ्रेम ॲनालिसिस’ही 1974चंच. त्यातली कल्पना घेऊन फाईन म्हणतो की टेबलावर बसलेला माणूस तीन पातळ्यांवर असतो. तो घरदार असलेली व्यक्ती असतो, नियम पाळणारा खेळाडू असतो आणि कथेतलं पात्रही असतो. लोक क्षणात एका पातळीवरून दुसरीवर जातात. इंग्रजीतला ‘आय’ तिन्हीकडे सारखाच, त्यामुळे कोण कुठून बोलतोय हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

आता आमचं टेबल. मी गेम मास्टर, खेळणारे चार, भाषा मराठी (शिव्या आणि नियम इंग्रजीत). एक मैत्रीण धोंडू नावाचा खलाशी खेळते. एका रात्री ती म्हणाली, ‘मी दोर कापतो, थांब, आधी फासा टाकते.’ कापतो धोंडू, टाकते ती. एका वाक्यात दोन चौकटी आणि दोन्ही क्रियापदाच्या शेवटी उघड्या पडलेल्या! फाईनला जे अंदाजाने ओळखावं लागलं ते आपल्या व्याकरणात आयतं मिळतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. नंतर ती म्हणाली, ‘शेवटची बस आहे, मी निघते.’ इथे व्यक्ती बोलतेय, तरी रूप खेळाडूचंच. म्हणजे व्याकरण पात्राला वेगळं काढतं, व्यक्ती आणि खेळाडू यांना नाही. मुलगा मुलाचंच पात्र खेळत असेल तर तेही नाही.

मला जास्त गुंतवून ठेवलं ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ने. ‘आम्ही पुलावरून जातो’ हे मला सांगितलेलं असतं, त्यात मी नाही. ‘आपण परत जाऊ या’ हे आपापसातलं. एकदा त्यांच्याबरोबर एक म्हातारा वाटाड्या होता, अर्थात माझ्याच तोंडून बोलणारा. एकाने माझ्याकडे बघून म्हटलं, ‘आपण आज लढाई टाळू या ना.’ हे वाटाड्याला म्हटलं, की साडेदहा वाजलेत म्हणून मला? मी वाटाड्याच्या आवाजात ‘मी तर कधीचा तेच सांगतोय’ म्हणाले आणि सगळे हसले. प्रश्न तसाच राहिला. गेम मास्टरसाठी तीन चौकटी पुरत नाहीत असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. खेळाडूला एक पात्र असतं. माझ्याकडे गावभर पात्रं, शिवाय निकाल देणारी पंच मीच.

गंमत म्हणजे फाईनच्या पुस्तकात याची एक वाट होती. टेकुमेल या काल्पनिक जगाचा निर्माता एम. ए. आर. बार्कर याच्यावर त्यात अख्खं प्रकरण आहे. हा मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचा प्राध्यापक, उर्दूच्या पाठ्यपुस्तकाचा सहलेखक. त्याने रचलेल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याच्या दर्जाप्रमाणे ‘तू’ची कितीतरी रूपं आहेत. असा गेम मास्टर समोर असताना भाषेचं व्याकरण आणि चौकटी यांचा सांधा जुळवायला हवा होता असं मला वाटतं. (आज ते प्रकरण वाचताना हेही ठाऊक हवं : याच बार्करने 1991 साली टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे टेकुमेल फाउंडेशनने 2022 मध्ये मान्य केलं.)

आता माझे दोन महिने. प्रबंध इंग्रजीत म्हणून मी अकरा रेकॉर्डिंगं ऐकता ऐकताच इंग्रजीत उतरवली आणि मग त्यांवर फाईनच्या चौकटींचे कोड लावले. कापतो, टाकते, आम्ही, आपण, सगळं ‘आय’ आणि ‘वी’ झालं. विदा गोळा करताना मीच तो पुसला. मार्गदर्शकांनी विचारलं, ‘मूळ वाक्य काय होतं?’ आणि मी गप्प.

दुसरी चूक कबूल करायला जड जाते. शेवटच्या सत्रात धोंडूवर बाण आला. पडद्याआड माझ्या फाशावर 19 पडले होते. मी 8 सांगितले, कारण तो मरायला नको होता. खेळासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रकरणासाठीही. पंच फासे कसे वाकवतो याची चर्चा फाईन करतो, पण पंच आणि संशोधक एकच असेल तर काय, हे मला कुठल्या पुस्तकावर ढकलता येणार नाही. पुढच्याच फेरीत दुसरा बाण लागला. या वेळी फासा उघड्यावर टाकला होता.

मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे मी मेले?’

मेलो नाही, मेले. ती धोंडूतून बाहेर पडली होती, की धोंडू इतका तिचा झाला होता की वेगळं लिंग उरलंच नव्हतं? चौकटींचा सिद्धांत पहिलं उत्तर देईल. मला तिचा चेहरा आठवतो आणि दुसरं खरं वाटतं. नंतर तिला विचारलं, तर तिला ‘मेलो’ म्हटल्याचं आठवत होतं. रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ‘मेले’ आहे.

सध्या सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा मराठीत, क्रियापदांना हात न लावता उतरवतेय. सातवं चालू आहे. खोटा फासा तळटीपेत टाकायचा की प्रकरणात, ते अजून ठरलेलं नाही.