रूपक कोठे संपते?

काही दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षणाच्या वर्गात योहानकृत शुभवर्तमानातील द्राक्षवेलीचा भाग चालला होता. प्रभूने स्वतःस वेल आणि शिष्यांस फांद्या म्हटले आहे, असे सांगताच एक मुलगी उठून म्हणाली, "फादर, हे रूपक ना? शाळेत परवाच शिकलो." आम्ही तिला शाबासकी दिली, पण ती खाली बसेना. "मग शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने भाकरीला आपले शरीर म्हटले, तेही रूपकच का?"

वर्ग शांत झाला. खरे सांगायचे तर क्षणभर आम्हीही निरुत्तर झालो. मात्र एक गोष्ट तत्काळ ध्यानी आली. रूपक हा शब्द जिला ठाऊक नाही, तिला हा प्रश्न सुचलाच नसता.

अलंकार शिकणे म्हणजे गुणांसाठी व्याख्या घोकणे, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे मुले पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. आम्हीही सेमिनरीत 'सिमिली' आणि 'मेटाफर' हे शब्द इंग्रजी पुस्तकांतून शिकलो आणि आपल्या भाषेतील नावे अडगळीत टाकली. त्या मुलीला थेट उत्तर न देता आम्ही पुढच्या रविवारी 'ख्रिस्तपुराण' वर्गात नेले आणि उपमेपासून आरंभ केला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे हे ओवीबद्ध पुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठी भाषेची स्तुती अनेकांना ठाऊक आहे. खड्यांत रत्न, फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू, तशी भाषांत मराठी, असा तिचा आशय. एकाच उपमेयासाठी उपमानांची अशी माळ ओवली, की तिला मालोपमा म्हणतात.

नाव सांगून वाचक थांबला, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. चार अंगे घेऊन पाहू लागला, की कवीची दृष्टी उलगडते. रत्नाच्या ओवीत साधारण धर्म निर्मळपणाचा आहे, मोगऱ्याच्या ओवीत साजिरेपणाचा, मोराच्या ओवीत मानाचा. ही पुनरुक्ती नव्हे. प्रत्येक मणी वेगळा आहे. शिवाय ही उपमाने ह्याच भूमीची आहेत. कल्पतरू तर थेट हिंदू पुराणांतला. तो उचलताना ह्या परदेशी धर्मगुरूचा हात थरथरला नाही. ओवीची 'जैसी-तैसी' ही जुनी घडणही त्यांनी आपलीशी केली. 'पापाचा सागर' आणि 'श्रद्धेचा दीप' ह्यांच्या पलीकडे न जाणारी आम्हा धर्मगुरूंची प्रवचने ह्या ओव्यांशेजारी ठेवली, की आमची आम्हालाच लाज वाटते.

उपमेत 'जैसी' आणि 'तैसी' ह्यांच्यामध्ये अंतर राहते. मराठी मोगऱ्यासारखी आहे, मोगरा नव्हे. स्वर्गाचे राज्य मोहरीच्या दाण्यासारखे आहे, असे प्रभू सांगतो तेव्हाही दाणा वेगळा आणि राज्य वेगळे. रूपकात हे 'सारखे' गळून पडते आणि एका वस्तूवर दुसरीचा आरोप होतो. प्रभू वेल आहे असे ऐकताना तो वनस्पती नाही, हे आपण जाणतोच. शब्दशः अर्थ जुळत नाही, म्हणून आपण आतल्या अर्थाकडे वळतो. आपल्या साहित्यशास्त्राने ह्या अडचणीला 'मुख्यार्थबाध' असे नेमके नाव दिले आहे. सरळ अर्थ देणारी शब्दाची शक्ती ती अभिधा. तो अर्थ अडला म्हणजे मदतीला येते ती लक्षणा.

आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा पाहू. 1529 मध्ये मारबुर्ग येथे लूथर आणि झ्विंग्ली ह्यांच्यात ह्याच वाक्यावरून वाद झाला. तेथील 'आहे' म्हणजे 'दर्शविते', असे झ्विंग्लींचे म्हणणे. शब्द जसे आहेत तसेच घ्या, असा लूथर ह्यांचा आग्रह. आपल्या परिभाषेत बोलायचे, तर एकाने लक्षणा मानली आणि दुसऱ्याने अभिधा. दोघे कॅथलिक चर्चपासून दूर गेलेले. तरी एका क्रियापदावर त्यांची आपसांतील एकी अडली.

कॅथलिक चर्च येथे मुख्यार्थबाध मानीत नाही. ज्याच्या शब्दाने प्रकाश झाला, त्याच्या शब्दाने भाकर त्याचे शरीर होते. दिसते तीच भाकर, पण तिचे सत्त्व पालटते. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने हीच शिकवण नेमक्या शब्दांत मांडली. योहानाच्या सहाव्या अध्यायातही हेच सूचित आहे. आपले शरीर खाण्याविषयी प्रभू बोलला, तेव्हा ते बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य निघून गेले. तो केवळ अलंकार आहे, असे सांगून प्रभूने त्यांना परत बोलाविले नाही.

हे मान्य करावयास श्रद्धाच लागते; साहित्यशास्त्र ती देऊ शकत नाही. पण उपमा कोठे आहे, रूपक कोठे आहे आणि रूपक कोठे संपते, हे ते दाखवू शकते. सर्वच शब्दशः घेणारा द्राक्षवेलीपाशी अडखळतो. सर्वच अलंकारिक मानणारा वेदीपाशी रिकाम्या हाती उभा राहतो.

तेव्हा पालकांस आमची एक विनंती आहे. संध्याकाळी घरी शुभवर्तमान वाचताना मुलांना विचारा, येथे 'सारखे' म्हटले आहे की 'आहे' म्हटले आहे? उत्तर चुकले तरी चालेल.

आमच्या वर्गातील ती मुलगी शेवटी एवढेच म्हणाली, "म्हणजे फादर, रूपक ओळखता आले पाहिजे, आणि नसेल तेव्हा तेही कळले पाहिजे." गेल्या रविवारी मिस्सात तिच्यापुढे ख्रिस्तशरीर धरले, तेव्हा तिने नेहमीपेक्षा किंचित थांबून 'आमेन' म्हटले.